बसलेली अक्का

अक्का बसून झोपायची. दुपारची जेवणं झाली, की घरातल्या बाकीच्या बायका चटया पसरून अर्धा-पाऊण तास आडव्या व्हायच्या. अक्का मात्र दाराच्या आतल्या बाजूला, पाठ भिंतीला लावून, गुडघे छातीशी घेऊन बसलेली. गाठोडं गुडघ्यांखाली, एक हात गाठोड्यावर, तोंड दाराकडे. डोळे मिटलेले असायचे, पण गल्लीतून एखादी अनोळखी चप्पल वाजत गेली तरी ते उघडायचे. रोजच्या चपला तिला पाठ होत्या. मी तिला दोन वर्षं पाहिलं आणि त्या दोन वर्षांत तिची पाठ एकदाही जमिनीला टेकलेली पाहिली नाही.

ते घर म्हणजे चेन्नईतल्या एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीतला एक जुना तळमजला. वरच्या मजल्यावर टीचरम्मा राहायच्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, अंगानं काटकुळ्या, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. स्टेशनच्या भिंतीलगत फुटपाथवर राहणारी एक बाई तापानं फणफणलेली दिसली म्हणून त्यांनी तिला घरी आणलं. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी, आणि मग तळमजला टीचरम्मांचा राहिलाच नाही. मी गेले तेव्हा तिथे चौदा जणी होत्या, सगळ्या कधी ना कधी रस्त्यावर काढलेल्या. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांतून गठ्ठे यायचे. त्यांना फॉल लावायचा, पदराला गोंडे करायचे, यावर घर चालायचं. सुरुवातीला गल्लीनं नाकं मुरडली होती. कुणीतरी तक्रारही केली, आणि घर रिकामं करा अशा मजकुराचा कॉर्पोरेशनचा कागद दोनदा येऊन गेला. पण मी पोचेपर्यंत गल्ली निवळली होती. कोपऱ्यावरची फुलवाली तर दिवसातून चारदा आत डोकावून जायची.

मी आले ती सुनामीच्या पुढच्या वर्षी. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तो सकाळी कंपनीच्या बसनं जायचा आणि मी चार भिंतींशी मराठी बोलत बसायची. तमिळ म्हणाल तर भाजीपुरतं. एकदा साडीला फॉल लावून घ्यायला पत्ता शोधत त्या दाराशी गेले. दारात एक म्हातारी, उंबऱ्याला आडवी बसलेली. मी हातातली साडी दाखवली, खुणा केल्या, हसून पाहिलं. ती ढिम्म. तेवढ्यात सुहासचा फोन आला. मी त्याला म्हटलं, "अरे, दारात एक म्हातारी बसलीय, हलायला तयार नाही. वेडी आहे वाटतं."

"वेडी नव्हे हो," म्हातारी म्हणाली. "बसलेली आहे."

माझ्या हातातून फोन पडायचा राहिला. त्या शहरात माझ्या कानांवर कुणाचं मराठी आपणहून येईल, आणि ते असं कुठल्या तरी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. अक्का तंजावरकडची. तिच्या घरात दहा-बारा पिढ्या हेच मराठी चालत आलेलं, तमिळच्या हेलात बुडवलेलं. मी साताऱ्याची म्हटल्यावर तिनं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "साताऱ्यास आमचे कोण आहेत काय आता?" तीनशे वर्षांपूर्वी निघालेली माणसं परवाच गाव सोडून आल्यासारखा तो प्रश्न होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. त्या दिवसापासून मी 'सातारा' झाले. "ए सातारा, जेवण जाहले का मा?" असं ती मला दारातूनच विचारायची; मा म्हणजे आपलं 'बाई गं'.

मी रोज दुपारी जायला लागले. फॉल मला लावता येत होता, पण अक्काच्या टाक्यापुढे माझा टाका म्हणजे गोणपाटाचा. तिचा टाका उलट्या बाजूनंही दिसायचा नाही. आणि ती हातातल्या सुईकडे बघायचीच नाही, बघायची दाराकडे. "सुई कोठे जाते की? ती हातातच असते," ती म्हणायची. "दारातून काय येईल ते कोणास ठाऊक." आम्ही तिला यावरून चिडवायचो. सेल्वी नावाची तिशीतली एक खोकल्यानं बेजार झालेली बाई होती, तिनंच अक्काला 'वासलक्का' हे नाव पाडलं होतं. वासल म्हणजे दार, त्या दाराची अक्का.

माझ्या तमिळची तर तिथे रोज करमणूक व्हायची. तिकडे चटईला पाय म्हणतात. नवी बाई आली, की टीचरम्मा पहिल्यांदा तिच्या हातात कोरी चटई द्यायच्या, ती चटई तिची स्वतःची. मी गेले त्याच आठवड्यात एक जण आली, आणि टीचरम्मा तिला म्हणाल्या, "इंदा मा, पाय." मला वाटलं, बाहेरून आलेल्यांनी पाय धुवायचे असा इथला नियम दिसतोय. मी निमूटपणे उठले आणि नळाखाली पाय धुऊन आले. अक्काला कळलं तेव्हा ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं मला कोपऱ्यात उभी असलेली तिची स्वतःची चटई दाखवली. गुंडाळलेली, साडीच्या काठाच्या पट्टीनं बांधलेली. पहिल्या दिवशी मिळाली होती, त्या दिवसाची गाठ तशीच होती. "ही माझी पाय," ती म्हणाली, "अजून पसरली नाही."

एक गोष्ट मात्र मला तिच्यात खटकायची. दारात आलेल्याला ती कधी 'बस' म्हणत नसे. आपल्याकडे शत्रू आला तरी आधी 'बसा' म्हणतात. अक्का म्हणायची, "ये मा, टेक." किंवा नुसतं, "आत हो." मी एकदा सहज कुणाला तरी म्हणाले, "बसा ना," तर तिनं सुई थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. टीचरम्मांनी मला वर नेऊन कॉफी दिली आणि त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत हळूच सांगितलं. सात वर्षांपूर्वी घरचं कुणीतरी अक्काला स्टेशनवर घेऊन आलं होतं. तंजावरला जायचं म्हणून. 'इथं बस, तिकीट काढून येतो,' म्हणालं आणि गेलं. अक्का बसली. दुसऱ्या दिवशी घरी परत जाऊन पाहिलं तर दाराला कुलूप होतं. मग ती स्टेशनवरच परत आली आणि त्याच भिंतीशी बसली. चार वर्षं. टीचरम्मांनी तिला उठवून आणलं त्याला आता तीन वर्षं झाली होती. "घरचं कुणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं. ते अक्कानं टीचरम्मांना कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. हे न विचारणं मला तेव्हा फार समंजसपणाचं वाटलं होतं.

मग एका दुपारी फुलवाली आत आली ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. स्टेशनजवळ कुणीतरी एक फोटो घेऊन फिरतंय, ती म्हणाली. हमालांना विचारतंय, चहावाल्यांना विचारतंय, ही बाई कुठे दिसली का म्हणून. फोटो तिनं पाहिला होता. फोटोतली बाई तरुण होती, पण कान अक्काचे होते. कोण विचारतंय, यावर फुलवाली म्हणाली, "पांढरी वेष्टी, लुंगीसारखी नेसलेली. काळी छत्री. छत्रीचं टोक सारखं जमिनीवर आपटतो." त्या दिवशी अक्काच्या हातून टाका चुकला, आणि तो तिनं उसवला, आणि पुन्हा चुकला.

त्यानंतर घराचा वाराच बदलला. अक्का उंबऱ्यावरून आत सरकली. दार दिवसाही लोटलेलं, मग कडी लावलेलं. कुणी कडी वाजवली, की चौदाही जणींच्या सुया थांबायच्या. एकदा अक्का मला म्हणाली, "तंबी येईल मा. मजला ठाऊक आहे, येईल." मी तिची समजूत घातली. "येऊ दे हो अक्का, तंबीला काय घाबरायचं? टीचरम्मा आहेत, वकील आहेत. एका कागदानं काय होतं?" तिनं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "कागदानेच होते," ती म्हणाली.

आता इथे मला माझी लाज सांगायला हवी. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, हे मला ठाऊक होतं. चेन्नईत आठवडाभर राहिलेल्यालाही ते ठाऊक होतं, दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळे एकमेकांना तंबी म्हणतात. पण अक्का माझ्याशी मराठी बोलायची, आणि मराठी वाक्यात तो शब्द आला, की माझ्या कानात तो मराठीच वाजायचा. तंबी म्हणजे ताकीद. साहेबानं कारकुनाला दिलेली, कॉर्पोरेशननं घराला दिलेली. 'तंबी आला' असं ती म्हणायची, तर मला वाटायचं, तिच्या जुन्या मराठीत शब्दाचं लिंग इकडचं तिकडे झालं असेल. दोनदा कागद येऊन गेलाच होता, तो तिसऱ्यांदा येईल म्हणून ती धास्तावलीय, असं मी धरून चालले.

सेल्वीचा खोकला वाढला होता. तिला सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं, आणि सेल्वी अक्काशिवाय कुठे जायला तयार नव्हती. टीचरम्मांना बँकेत काम होतं. म्हणून त्या दिवशी दार माझ्याकडे आलं. निघताना अक्कानं मला तिच्या जागेवर आणून उभं केलं, माझा दंड धरला आणि म्हणाली, "ऐक मा. तंबी आला, तर आत घेऊ नको. काय बोलला तरी घेऊ नको."

"नाही घेणार," मी म्हटलं. "सहीसुद्धा करणार नाही."

"सही नकोच," अक्का म्हणाली, आणि तिला केवढा तरी धीर आल्यासारखं दिसलं.

अकराच्या सुमाराला खाकी कपड्यातला एक माणूस कागद घेऊन आला. मी दार बोटभर उघडलं आणि त्याला असं काही परतवलं, की आतल्या बायकांनी सुया खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. (तो गल्लीतल्या नळाला पाणी कधी येणार त्याचा कागद होता, हे नंतर कळलं. पुढचे चार दिवस आम्ही पाण्यावाचून काढले.) मी पदर खोचून अक्काच्या जागेवर बसले. तंबी आली होती आणि मी ती घेतली नव्हती.

बारानंतर पुन्हा कडी वाजली. फटीतून एक पासष्टीचा माणूस दिसला. स्वच्छ धुतलेली वेष्टी, कपाळाला गंध, चेहरा थकलेला. तमिळमध्ये काहीतरी बोलला. मी सवयीनं म्हटलं, "काय?" तर तो क्षणभर थांबला, आणि मग त्याच बखरीतल्या मराठीत म्हणाला, "आमची अक्का येथे आहे म्हणून ऐकिले, बाई. सात वर्षे शोधतो."

छत्री त्याच्या हातात होती. मी ती पाहिली. फुलवालीनं सांगितलेलं मला आठवलं नाही असं नाही, आठवलं. पण त्याचं मराठी ऐकलं आणि मी विरघळले. एक अक्का सोडली तर सहा महिने कुणाशी धड बोलायला न मिळालेल्या माणसाचं असंच होतं. त्यानं फोटो काढून दाखवला. स्टेशनवर गर्दी होती, तो म्हणाला, तो तिकिटं घेऊन आला तर अक्का जागेवर नव्हती. मी मनात म्हटलं, बघा, किती साधी चुकामूक, आणि दोन जीव सात वर्षं तळमळले. मी कडी काढली. त्याला पाणी दिलं. अक्का दवाखान्यात गेलीय, येईलच इतक्यात, असं सांगितलं. आणि अक्काच्या जागेवर चटई सरकवून म्हणाले, "बसा ना."

तो बसला. आतल्या बायका आपापल्या साड्या घेऊन मागच्या भिंतीकडे सरकल्या. छत्रीचं टोक फरशीवर वाजत होतं, टक, टक, घाई नसलेल्या माणसासारखं. अर्ध्या तासानं एक रिक्षा येऊन दाराशी उभी राहिली आणि रिक्षावाल्यानं आत वाकून पाहिलं. छत्रीवाल्यानं मानेनंच त्याला थांबायला सांगितलं. रिक्षा आधीपासून ठरवलेली आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अक्का आणि सेल्वी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. तो उठून बाहेर गेला. अक्कानं आधी छत्री पाहिली, मग त्याला. ती जागीच थांबली. तो तिच्याजवळ जाऊन अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अक्का, टिकीट मिळाले. चला."

मी अक्काचा चेहरा कधी विसरणार नाही. त्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. एखाद्या लहान मुलीला घ्यायला शाळेत कुणी उशिरा यावं, तसा तो चेहरा झाला.

"इतका वेळ लागला की रे, तंबी?" ती म्हणाली.

तो शब्द माझ्या कानात पडला, आणि या वेळी बरोबर पडला. तोवर त्यानं तिचं मनगट धरलं होतं आणि ती त्याच्याबरोबर चालत होती. ओढत नव्हता, ती आपली आपण चालत होती. मला ओरडायचं होतं आणि तोंडातून कुठलीच भाषा निघेना.

सेल्वीनं मात्र औषधाची पिशवी खाली ठेवली, चार पावलं पुढे गेली आणि रिक्षाच्या पुढच्या चाकाला टेकून रस्त्यावर बसली. मांडी घालून, जेवायला बसावं तशी. मग आतून एकेक जण बाहेर आली. कुणाच्या हातात साडी, कुणाच्या ओठात सुई. त्या रिक्षाभोवती, त्याच्याभोवती, गल्लीच्या भर उन्हात त्या बसत गेल्या. फुलवाली टोपली घेऊन आली आणि टोपलीसकट बसली. बँकेतून परतलेल्या टीचरम्मा छत्री, पर्स, पासबुक सगळ्यासकट फतकल मारून बसल्या. मीही बसले. फुटपाथवर वर्षानुवर्षं काढलेल्या बायका होत्या त्या. त्यांना काय येत होतं, तर बसायला येत होतं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

उभी होती ती दोघंच. अक्कानं सगळ्यांकडे पाहिलं, एकेकीकडे, जशी संध्याकाळी दार लावताना डोकी मोजायची तशी. मग तिनं मनगट सोडवून घेतलं. फार जोर लावला नाही. ती सेल्वीच्या शेजारी गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसली.

"एक सही, अक्का," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ होता. "एवढेच काम होते. वाडवडिलांचे घर आहे. तुमच्या सहीवाचून हलत नाही." तो बराच वेळ उभा राहिला. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "येतो, बाई. पुन्हा येतो."

मग अक्कानं सगळं सांगितलं. चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणी भागात, एका बोळातलं घर. वडिलांनी ते दोघांच्या नावे केलेलं, कारण अक्काचं लग्न झालं नव्हतं आणि ती कुठे जाईल ही त्यांना चिंता. आईची सेवा तिनं केली, तंबीची मुलं तिनं वाढवली. आई गेली आणि महिन्याभरात तंजावरच्या तिकिटाची गोष्ट निघाली. शेजाऱ्यांना त्यानं सांगितलं, अक्का वारली. आता घर बिल्डरला द्यायचं होतं, तेव्हा ती जिवंत हवी होती, एक दिवसापुरती.

मी तिची माफी मागितली. तंबी म्हणजे आमच्याकडे काय, ते सांगितलं. अक्का आधी बघतच राहिली, मग पाय धुतले त्या दिवशीसारखी हसत सुटली. हसता हसता थांबून म्हणाली, "मग बरोबरच कळले की तुला. तोच अर्थ मा."

तो पुन्हा आला. आठवड्यातून दोनदा, दुपारी चारला, समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहायचा. आत यायचा प्रयत्न नाही, शिवी नाही, धमकी नाही. टीचरम्मांच्या ओळखीच्या वकिलानं सांगितलं होतं, नुसतं रस्त्यावर उभं राहण्याबद्दल काही करता येत नाही, अक्काला मात्र एकटी सोडू नका. म्हणून दाराची पाळी लागली. दोघी दोघी बसायच्या, फॉल लावत, अक्काच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक. मतदार यादीत चौदा जणींची नावं त्याच दाराच्या पत्त्यावर लागली तेव्हा फुलवालीनं सगळ्यांना गजरे दिले. अक्कानं तो माळला, आणि चार वाजता समोर टक, टक सुरू झालं तेव्हाही काढला नाही. पण झोपायची ती बसूनच.

दोन वर्षांनी सुहासची बदली पुण्याला झाली. आमची गाडी नेमकी एग्मोरहून होती, सकाळची. अक्का येणार नाही असं मी धरलं होतं, टीचरम्मांनी तिला आणल्यापासून ती स्टेशनकडे फिरकली नव्हती. ती आली. एका बाजूला सेल्वी, दुसऱ्या बाजूला फुलवाली. मला द्यायला डब्यात गूळपोळ्या. फलाटावर सामान लावून झालं आणि सुहास, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, बाकाकडे हात करून म्हणाला, "अक्का, बसा तुम्ही इथे. मी तिकिटाचं जरा बघून येतो."

अक्कानं बाकाकडे पाहिलं. बाकापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तेव्हाही दोन बायका गाठोडी घेऊन बसल्या होत्या.

"नको हो," ती म्हणाली. "बसत नाही. उभीच बरी."

गाडी सुटेपर्यंत ती उभी राहिली, पाऊण तास. गाडी हलल्यावर मी दारातून पाहिलं, तर ती हात हलवत नव्हती. ती त्या भिंतीकडे निघाली होती, आणि तिच्या मागोमाग सेल्वी. गर्दीत एक काळी छत्री दिसल्याचा मला भास झाला. भास होता की काय होतं, मला अजून सांगता येत नाही.

पुण्याहून मी दर रविवारी फोन करायची. त्या भिंतीशी बसलेल्या दोघींना कोऱ्या चटया मिळाल्याचं कळलं. तो अजून येतो, हेही दर वेळी कळायचं. मग एका आडवारी, संध्याकाळी टीचरम्मांचाच फोन आला. त्या कधी आपणहून फोन करत नसत. त्या उत्तेजित झाल्या की इंग्रजी विसरायच्या. "अक्का पडुत्तुट्टा," त्या म्हणाल्या.

पडली. माझ्या कानानं पुन्हा मराठीच ऐकलं. "कशी पडली? लागलं का? त्यानं काही केलं का?" मी मराठीतच ओरडत होते. पलीकडे टीचरम्मा काहीतरी सांगत होत्या, आणि मागे बायकांचा आवाज येत होता, आणि तो आवाज रडण्याचा नव्हता. मग टीचरम्मांना इंग्रजी सापडलं.

पडली नव्हती. आडवी झाली होती. चार वाजता तो आला, छत्री वाजवायला लागला. अक्का त्याचं ऐकत थोडा वेळ बसली. मग उठली, कोपऱ्यातून आपली चटई आणली, दातांनी ती काठाची गाठ सोडली. दारात सेल्वी होती. अक्का तिला म्हणाली, "तू बस मा." तो शब्द तिच्या तोंडून सगळ्यांनी प्रथमच ऐकला. आणि ती दाराकडे पाठ करून चटईवर निजली.

"अजून झोपलीय," टीचरम्मा म्हणाल्या. "ऐक."

त्यांनी फोन खाली धरला असावा. आधी काहीच ऐकू येईना. मग लांबून टक, टक ऐकू आलं, आणि त्याच्यावर, सावकाश आणि जोरात, अक्काचं घोरणं.